रिकाम्या खुर्च्यांपुढचा अर्धा तास

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या गायकाच्या कार्यक्रमाला मी चुकून फार लवकर पोहोचले. तिकिटावर छापलेली वेळ दारं उघडण्याची होती आणि मला ती गाणं सुरू होण्याची वाटली. आत गेले तेव्हा दीड-दोन हजारांच्या सभागृहात जेमतेम दीडशे माणसं होती. सगळे दिवे चालू. जो तो आपली रांग शोधत होता, ओळखीच्यांना हाका मारत होता. मंचावर मुख्य गायकाची सगळी वाद्यं काळ्या कापडाखाली झाकून ठेवलेली, आणि त्यांच्यापुढे उरलेल्या चार-पाच फुटांच्या पट्टीत दोघंच जण होते: एक गाणारी मुलगी आणि तिच्या शेजारी चेलो (व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य) घेऊन बसलेला एक माणूस.

पहिलं गाणं माझी खुर्ची सापडेपर्यंत संपलं. दुसरं चालू असताना मी फोनमध्ये डोकं घालून बसले होते. तिसऱ्या गाण्यात तिनं एक ओळ अर्ध्यावरच सोडली. मला वाटलं, विसरली. तेवढ्यात चेलोनं ती ओळ खालच्या सुरात उचलली आणि इतकी सावकाश पूर्ण केली की माझ्या पुढच्या रांगेतला माणूस बोलता बोलता थांबला. मी मान वर केली. त्यानंतर दोनच गाणी झाली. शेवटच्या गाण्याच्या वेळी मला सुचलं ते एवढंच, की फोन उचलून थोडं ध्वनिमुद्रण करून ठेवावं. मग टाळ्या झाल्या, दोघं वाद्य उचलून बाजूला गेले. तिनं नाव सांगितलं असणार, पण मला ते कळलं नाही.

मुख्य गायक छान गायला. घरी जाताना माझ्या डोक्यात मात्र ती अर्धी सोडलेली ओळ होती. त्या दोघांचं नाव तिकिटावर नव्हतं, दाराबाहेरच्या फलकावरही नव्हतं. बाहेर पडताना एका स्वयंसेवकाला विचारलं, "आधी गायली ती कोण हो?" तो अगदी सौजन्यानं म्हणाला, "ते सुरुवातीचे होते."

हा लेख त्या तीन शब्दांच्या विरोधात आहे.

मुख्य कलाकाराच्या आधी जो अर्धा-पाऊण तास दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो, ज्याला आपण ओपनिंग अ‍ॅक्ट म्हणतो, तो आयोजकांच्या लेखी वेळ भरून काढण्याची सोय झाला आहे आणि श्रोत्यांच्या लेखी उशिरा येण्याची मुभा. लांबलेल्या प्रस्तावनेला आपण 'नमनालाच घडाभर तेल' म्हणतो. या अर्ध्या तासाकडे बहुतेकांची नजर तशीच असते. मला वाटतं, अनोळखी संगीत सलग, लक्ष देऊन ऐकण्याच्या ज्या थोड्या जागा आज उरल्या आहेत, त्यांतली ही एक मोठी जागा आहे. ती सांभाळणं आयोजकांचं, मुख्य कलाकाराचं आणि तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाचं काम आहे. आज तिघंही ते अंगाबाहेर टाकतात.

यावरचा सगळ्यात सरळ आक्षेप मला ठाऊक आहे. 'मी पैसे मोजले ते अमक्यासाठी. तमका मी मागितला नव्हता.' हिशोबाच्या दृष्टीनं यात चूक काहीच नाही. पण मागितलेलं तेवढंच मिळण्याची सोय आता आपल्या खिशात चोवीस तास आहे. फोनवरची गाण्यांची यादी आपल्या मागच्या ऐकण्यावरून पुढचं सुचवते. काल जे आवडलं त्याच्या जवळचं आज, आजच्या जवळचं उद्या. ही सोय मीही वापरते आणि तिनं मला चांगली गाणी दिली आहेत. मात्र तिच्या सगळ्या वाटा माझ्याच आवडीपासून निघतात. आणि एखादं गाणं परकं वाटलं, तर पुढे जायला मला अंगठ्याची एक हालचाल पुरते. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत जे मन जिंकत नाही ते जगात नसल्यासारखंच होतं.

सभागृहात तसं होत नाही. तिथे गाणं पुढे ढकलता येत नाही. मी अनेक वर्षं लवकर जाते आहे आणि माझ्यापुरता एक अनुभव जवळजवळ नियमासारखा झाला आहे: पहिल्या गाण्यात मी समोरच्या माणसाला तपासत असते, दुसऱ्यात कुणाशी तरी त्याची तुलना करते, आणि ऐकणं खरं म्हणजे तिसऱ्या गाण्यापासून सुरू होतं. तोपर्यंत आवाजाचा पोत ओळखीचा झालेला असतो, दोन गाण्यांमधलं बोलणं कानाला बसलेलं असतं, आणि हा माणूस कुठे थांबतो, कुठे घाई करतो याचा थोडा अंदाज आलेला असतो. फोनवर मी कुठल्याच अनोळखी गायकाच्या तिसऱ्या गाण्यापर्यंत पोहोचत नाही. सुरुवातीचा कलाकार मला तिथवर नेतो, कारण मला जायला दुसरी जागा नसते.

या अर्ध्या तासाची बाजू घेताना लोक हटकून मोठी नावं पुढे करतात. त्यातल्या कथा खऱ्या आहेत आणि ऐकायला गोड आहेत. २ फेब्रुवारी १९६३ रोजी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमधून एक दौरा निघाला, त्यात सगळ्यात मोठं नाव होतं सोळा वर्षांच्या हेलन शपिरोचं. तिच्या आधी गाणाऱ्यांच्या यादीत खाली कुठेतरी बीटल्स होते. त्याच वर्षी मे महिन्यात ते अमेरिकन गायक रॉय ऑर्बिसनच्या दौऱ्यावर गेले तेव्हा गर्दीचा जोर असा, की कार्यक्रमाचा शेवट करण्याचा मान ऑर्बिसनकडून त्यांच्याकडे आला. तीन-चार महिन्यांत जागा बदलली. ज्यांनी फेब्रुवारीत मधल्या सुट्टीपर्यंत बाहेर गप्पा मारल्या असतील, त्यांना पुढे काय वाटलं असेल याची कल्पना करता येते.

पण मला हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही, किंबहुना तो थोडा घातक वाटतो. 'लवकर या, कदाचित उद्याचा तारा दिसेल' असं म्हटलं की सुरुवातीचा कलाकार म्हणजे लॉटरीचं तिकीट होतो. लागलं तर ठीक, नाहीतर वेळ फुकट. प्रत्यक्षात मी ज्यांना असं ऐकलं त्यांतले बहुतेक कधीच मोठे झाले नाहीत, होणारही नाहीत. काहींनी गाणं सोडून दिलं असेल. तरीही ते अर्धे तास माझ्या हिशोबी पूर्ण होते. एकदा तिघांच्या एका गटातला ड्रमवादक फक्त हातानं वाजवत होता, काठ्या बाजूला ठेवून, आणि मोठ्या सभागृहात इतका हळू ताल कुणी टिकवून धरलेला मी आधी ऐकला नव्हता. त्या गटाचं पुढे काय झालं याच्याशी त्या तालाचा काही संबंध नाही. चांगलं संगीत त्या वेळी चांगलं होतं, एवढं पुरे.

मोठ्या नावांच्या ज्या दुसऱ्या कथा आहेत, अपमानाच्या, त्या मला जास्त शिकवून जातात.

१९६७ च्या जुलैत गिटारवादक जिमी हेंड्रिक्स अमेरिकेत मंकीज या गटाच्या आधी वाजवत होता. मंकीज दूरदर्शन मालिकेतून घराघरांत पोहोचलेले, त्यांचा श्रोता म्हणजे प्रामुख्यानं शाळकरी मुली आणि त्यांना घेऊन आलेले आईवडील. हेंड्रिक्सनं त्याआधी महिन्याभरापूर्वीच, १८ जूनला, मॉन्टेरीच्या महोत्सवात गिटार पेटवली होती. त्याच्या गाण्यांच्या मध्ये मुली मंकीजमधल्या डेव्ही जोन्सच्या नावानं ओरडत राहिल्या. मोजक्याच कार्यक्रमांनंतर तो दौरा सोडून गेला. ही गोष्ट सांगताना लोक त्या मुलींना हसतात. मला ते पटत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलीनं आपल्या आवडत्या गायकाची वाट बघावी यात गैर काय? हेंड्रिक्सला मंकीजनी स्वतः हौसेनं बोलावलं होतं, त्यांचा कान पक्का होता. चुकलं ते एवढंच, की समोर कोण बसणार आहे आणि त्याला या आवाजापर्यंत कसं न्यायचं, याचा विचार कुणी केला नाही. चांगला कलाकार निवडला की काम संपलं, असं ते नसतं.

अमेरिकन गायक प्रिन्सची गोष्ट याहून कडवट आहे. ९ ऑक्टोबर १९८१, लॉस एंजेलिसचं मेमोरियल कोलिझियम मैदान, नव्वद हजारांच्या आसपास माणसं, आणि मुख्य कार्यक्रम रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक गटाचा. तेवीस वर्षांचा प्रिन्स त्यांच्या आधी मंचावर आला तो अंगात लांब कोट आणि त्याखाली जवळजवळ काहीच नाही अशा वेशात. लोकांनी शिव्या दिल्या, हाताला येईल ते फेकलं, आणि तो थोड्याच वेळात मंच सोडून निघाला. थेट आपल्या गावी मिनियापोलिसला गेला. त्याची मनधरणी करून परत आणलं गेलं, ११ तारखेला तो पुन्हा उभा राहिला, आणि पुन्हा तेच झालं. इथे माफ करण्यासारखं मला काही सापडत नाही. मोठी माणसं होती ती. नव्वद हजारांतला एकेक जण घरी बसून ते गाणं ऐकता तर कदाचित गप्प बसला असता, फार तर बंद केलं असतं. गर्दीत मात्र वाट बघण्याचा कंटाळा समोरच्यावर काढायला परवानगी मिळाल्यासारखं झालं. 'मी याच्यासाठी पैसे मोजले नाहीत' हे वाक्य गर्दीच्या तोंडी गेलं की त्याचं काय होतं, ते त्या दोन दिवसांत दिसलं.

तिसरी घटना मी नेहमी यांच्यासोबत आठवते, कारण तिच्यात मुख्य कलाकारानं बाजू घेतली. ३० ऑक्टोबर १९९२ रोजी ब्युनोस आयर्समधल्या मैदानात निर्वाणाचा कार्यक्रम होता. (निर्वाणा, म्हणजे कर्ट कोबेनचा गट.) त्यांच्या आधी कॅलॅमिटी जेन नावाचा मुलींचा गट वाजवत होता. जमावानं त्यांना शिव्या घातल्या, मातीची ढेकळं आणि नाणी फेकली, आणि त्या मुली रडत मंचावरून उतरल्या. कोबेन इतका चिडला की आपल्या कार्यक्रमात त्यानं सगळ्यांना हव्या असलेल्या गाण्याची सुरुवात पुन्हा पुन्हा वाजवून सोडून दिली, आणि ते गाणं शेवटपर्यंत वाजवलंच नाही. श्रोत्यांवर सूड घेणं हा काही उपाय नव्हे, आणि त्या मुलींना त्याचा उपयोगही झाला नाही. पण ज्याला आपण आणलं त्याचा अपमान हा आपलाच, ही जाणीव त्यात होती, आणि ती फार थोड्या मुख्य कलाकारांत दिसते.

आता ज्या गोष्टीबद्दल श्रोत्यांना क्वचितच सांगितलं जातं, ती सांगते. सुरुवातीचा कलाकार पुष्कळदा वाईट ऐकू येतो, आणि त्यातला मोठा भाग त्याच्या हातात नसतो.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी साउंडचेक होतो, म्हणजे वाद्यं आणि माइक लावून आवाज नीट बसवून बघणं. आधी मुख्य कलाकाराचा, सगळ्यात शेवटी पहिल्यानं वाजवणाऱ्याचा. क्रम असा उलटा ठेवण्यामागे कारण आहे: शेवटी ज्याची वाद्यं मंचावर लागली तोच आधी वाजवणार, म्हणजे पुन्हा हलवाहलव नको. कागदावर हे ठीक दिसतं. प्रत्यक्षात मुख्य कलाकाराचा ट्रक उशिरा येतो, एखादी केबल सापडत नाही, गायकाला मॉनिटरमधला (स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरमधला) आवाज पसंत पडत नाही, आणि तास-दीड तास उशीर होतो. दारं उघडण्याची वेळ मात्र पुढे जात नाही. मग कात्री लागते ती शेवटच्या साउंडचेकला. कित्येकदा तो होतच नाही. फक्त लाइन चेक होतो, म्हणजे प्रत्येक माइकमधून आवाज येतो आहे ना एवढंच बघायचं. तो कसा येतो आहे हे पहिल्या गाण्यात, लोकांसमोर, ठरवायचं. वर ध्वनिनियंत्रणाला बसलेला तंत्रज्ञ बहुतेक वेळा सभागृहाचा असतो आणि त्यानं हे संगीत आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलेलं असतं. त्याच्यावर दोष नाही. दुसऱ्या गाण्यात तो बासचा गडगडाट आवरतो, तिसऱ्यात आवाज वर येतो. तिसऱ्या गाण्यापासून ऐकणं सुरू होतं असं मी वर म्हटलं, त्यात या बिचाऱ्या तंत्रज्ञाचाही वाटा आहे.

अनेक दौऱ्यांत याखेरीज बंधनं घातली जातात: दिव्यांचा थोडाच भाग वापरायचा, मोठे पडदे बंद, आवाजाची पातळी मुख्य कलाकारापेक्षा खाली. हे सगळं समोर बसलेल्याला माहीत नसतं. त्याला एवढंच जाणवतं की हे लोक जरा कच्चे आहेत, आणि नंतर येणारे किती भारी!

आणि मग खुर्च्या. हार्वर्ड विद्यापीठातला तरुण भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबिन १८९५ च्या सुमारास फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहातला घुमारा मोजायला बसला. त्या खोलीत बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, त्यामुळे कुणाचं व्याख्यान कुणाला समजत नसे. सबिननं जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत घुमारा किती कमी होतो ते मोजलं, आणि सकाळी त्या परत नेऊन ठेवल्या. त्या रात्रींतून सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया पडला. गादी जसा आवाज शोषते तसंच माणसाचं कपड्यातलं शरीरही शोषतं. म्हणजे श्रोता हा सभागृहाच्या ध्वनिरचनेचा भाग आहे. चांगल्या सभागृहांत मऊ खुर्च्या असतात त्या काही अंशी यासाठीच. जिथे लोक उभे राहून ऐकतात अशा उघड्या फरशीच्या जागी भरलेल्या आणि रिकाम्या खोलीतला फरक कुणाच्याही कानाला कळेल इतका असतो. आपण बाहेर उभे राहून गप्पा मारतो तेव्हा आत गाणाऱ्याचे शब्द भिंतींवरून परत येऊन एकमेकांत मिसळत असतात. आपण तिथे नसणं त्याला ऐकू येत असतं.

या अन्यायावर उपाय महागही नाहीत. ध्वनिमिश्रणाचे आजचे डिजिटल बोर्ड प्रत्येक कलाकाराची सगळी मांडणी साठवून ठेवतात आणि एका बटणावर परत आणतात. दौऱ्याच्या पहिल्या शहरात नीट लावलेली मांडणी पुढच्या शहरात पायाभूत म्हणून वापरता येते. खरी गरज आहे ती वेळापत्रकात वीस मिनिटं राखून ठेवण्याची, आणि उशीर झाला तर ती वीस मिनिटं सगळ्यात आधी कापायची नाहीत एवढ्या निश्चयाची.

निवड कोण करतो, हा यापुढचा प्रश्न. श्रोता सहसा धरून चालतो की मुख्य कलाकाराला हा गट आवडला म्हणून तो इथे आहे. कधी तसं असतंही. कधी दोघांचा एजंट एकच असतो, कधी ध्वनिमुद्रण कंपनीला आपल्या नव्या माणसाला पुढे आणायचं असतं. आणि कधी ती जागा चक्क विकली जाते. सुरुवातीचा गट दौऱ्यात शिरायला पैसे मोजतो. धंद्यात याला बाय-ऑन म्हणतात. मी या पद्धतीच्या पूर्ण विरोधात आहे. यात गाणं ऐकून कुणी कुणाला निवडलेलं नसतं, आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना दारच बंद होतं. त्याहून वाईट म्हणजे श्रोत्याचा विश्वास उडतो. दोन-तीनदा भलताच कुणी माथी मारला गेला की चौथ्यांदा तो उशिराच येतो, आणि मग खरोखर कानानं निवडलेला कलाकारही रिकाम्या सभागृहात गातो.

कानानं निवडलेला म्हणजे काय, ते जोन बाएझनं दाखवलं. १९६३ मध्ये ती लोकसंगीतातलं मोठं नाव होती आणि बॉब डिलन तिच्या मानानं अनोळखी. आपल्या कार्यक्रमांत ती त्याला स्वतः मंचावर बोलावून घेई. लोक तिचा स्वच्छ गळा ऐकायला आलेले, त्यांना हा घोगऱ्या आवाजाचा पोरगा रुचत नसे, काही नाराजीही दाखवत. ती मागे हटली नाही. स्वतःच्या नावाचा भार तिनं त्याच्या मागे उभा केला. १९९५ मध्ये आर.ई.एम. या गटानं रेडिओहेडला आपल्या दौऱ्यावर नेलं. पुढच्या वर्षी रेडिओहेड हा गट गायिका अ‍ॅलानिस मॉरिसेटच्या आधी वाजवत होता आणि अजून ध्वनिमुद्रित न झालेली नवी गाणी त्या मैदानांत पारखून बघत होता. जिथे अपेक्षा नाहीत तिथे असा प्रयोग करता येतो. मुख्य कलाकाराला ही चैन परवडत नाही. त्याच्याकडून जुनीच गाणी मागितली जातात.

म्हणून मुख्य कलाकारांकडे माझं एक मागणं आहे, आणि त्याला खर्च शून्य आहे. पहिल्या कलाकाराच्या आधी दोन मिनिटं मंचावर या. एका गायिकेला मी हे करताना पाहिलं आहे. सभागृहातले दिवे चालू असताना ती घरच्यासारख्या साध्या कपड्यांत बाहेर आली, गर्दीला क्षणभर कळलंच नाही की ही तीच. ती म्हणाली, "यांचं गाणं मी वर्षभर गाडीत ऐकते आहे. आज तुम्ही माझ्यासोबत ऐका." नाव दोनदा सांगितलं आणि मंचाच्या कडेला जमिनीवर बसली. त्या संध्याकाळी पहिल्या गाण्याला जी शांतता होती ती मी मुख्य कार्यक्रमातही सहसा अनुभवत नाही.

आयोजकांकडे मागणी याहून साधी आहे. नाव छापा. तिकिटावर, फलकावर, पडद्यावर, मुख्य नावाखाली लहान अक्षरांत का होईना, पण छापा. आणि कोण किती वाजता वाजवणार ते आधी जाहीर करा. वेळा जाहीर केल्या तर लोक मुद्दाम मुख्य कलाकाराच्या वेळीच येतील, अशी भीती काही आयोजकांना वाटते. काही येतील. त्यांना मी अडवू इच्छित नाही. कुणाचं लहान मूल घरी असतं, कुणी कामावरून थेट येतो, कुणाला चार-चार तास उभं राहणं जमत नाही. पण वेळ लपवून जमवलेली गर्दी चिडलेली असते, आणि चिडलेल्या गर्दीपुढे गाणं काय असतं ते वर सांगितलंच. वेळ आणि नाव दोन्ही माहीत असलेला माणूस घरी बसून आधी एखादं गाणं ऐकून बघू शकतो आणि ठरवून येऊ शकतो. असे पन्नास जण ठरवून आले तरी पुढच्या दोन रांगा भरतात.

ज्यांना कुणीच नको, आपणच तीन तास गाणार, अशा कलाकारांबद्दल माझी तक्रार नाही. ती वेगळी संध्याकाळ असते आणि तीही हवी. अडचण आहे ती बोलावून दुर्लक्ष करण्याची. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीननं १९७३ मध्ये शिकागो या गटाच्या आधी मोठमोठ्या सभागृहांत वाजवलं, आणि तो अनुभव इतका नकोसा होता की पुढे त्यानं अशा जागी दुसऱ्याच्या आधी वाजवणंच टाळलं. त्याला छोट्या सभागृहांचा आसरा होता. तिथे तो आपला श्रोता एकेक करून जमवू शकला.

तो आसरा आता आकसतो आहे. ब्रिटनमध्ये २०१४ साली छोट्या सभागृहांसाठी म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. तिच्या नोंदीनुसार एकट्या २०२३ मध्ये अशा १२५ जागी थेट संगीत बंद पडलं. मे २०२४ मध्ये तिथल्या संसदीय समितीनं शिफारस केली की मोठ्या मैदानांच्या आणि सभागृहांच्या तिकिटांतून थोडा वाटा या छोट्या जागांना द्यावा. कोल्डप्ले या गटानं २०२५ च्या वेम्बली आणि हल इथल्या आपल्या कार्यक्रमांच्या कमाईतला दहा टक्के भाग या ट्रस्टला देण्याचं जाहीर केलं. मला हे योग्य वाटतं, आणि त्याच्या जोडीला हेही दिसतं, की छोटी जागा बंद पडली की तिथे गाणाऱ्याला मोठ्या श्रोत्यांपुढे जायची दुसरी वाट म्हणजे कुणाच्या तरी आधीचा अर्धा तास. एक दार बंद होत असताना दुसऱ्या दाराशी आपण पाठ करून उभे आहोत.

श्रोत्यांनी काय करावं याची मोठी यादी माझ्याकडे नाही. वेळेवर या. तिसऱ्या गाण्यापर्यंत मत बनवू नका. आवडलं नाही तर बाहेर जा, खुशाल जा, पण आत उभं राहून मोठ्यानं बोलू नका. शांत गाण्यात मागच्या भिंतीपाशी चाललेल्या गप्पा मंचापर्यंत स्वच्छ पोहोचतात, गाणाऱ्यांनी मला हे अनेकदा सांगितलं आहे. आवडलं तर कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या टेबलापाशी जा. सुरुवातीचे कलाकार बहुधा स्वतःच तिथे उभे असतात, आपल्या सीडी आणि टीशर्ट मांडून, आणि दौऱ्यावरचा पेट्रोलखर्च पुष्कळदा त्या टेबलावरच भागतो. काही घेतलं नाही तरी चालेल. कुठलं गाणं आवडलं ते सांगा आणि नाव विचारून घ्या.

मी त्या संध्याकाळी टेबलापाशी गेले नाही. मुख्य कार्यक्रम संपेपर्यंत ते आवरून गेले असावेत असं मी धरून चालले, आणि गर्दीबरोबर बाहेर पडले. दुसऱ्या आठवड्यात आयोजकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की सुरुवातीच्या कलाकारांची नोंद ते ठेवत नाहीत. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मित्रमैत्रिणींना मी ते ध्वनिमुद्रण ऐकवलं आहे, चेलो वाजवणाऱ्या दोघांनाही. आवाज कुणी ओळखला नाही.

चाळीस सेकंदांचं आहे ते. पहिली काही सेकंदं माझ्या शेजारच्या खुर्चीचा आवाज, मग तिच्या गाण्याचा शेवट, मग थोड्या टाळ्या. टाळ्या विरतात आणि ती बोलायला लागते. "तुम्ही ऐकलंत, खूप बरं वाटलं. आम्ही..." आणि तेवढ्यात कुणीतरी मधल्या वेळेचं संगीत सुरू करतं.